विंडोज नव्या एसएसडीवर, बूट मात्र जुन्या हार्डडिस्कवर: फॉरमॅट न मारता कसं निस्तरलं

ज्यांनी जुनी हार्डडिस्क तशीच आत ठेवून नवीन एसएसडीवर (हार्डडिस्कच्या जागी वापरतात ती वेगवान डिस्क) विंडोज टाकून घेतलंय त्यांनी आधी एक काम करा. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि बघा की ‘ईएफआय सिस्टम पार्टिशन’ असं लिहिलेला छोटासा तुकडा, बहुतेक १०० एमबीचा असतो, तो नक्की कुठल्या डिस्कवर आहे. एसएसडीवर असेल तर छान, पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल. जुन्या डिस्कवर असेल तर वाचा, कारण ती डिस्क ज्या दिवशी बंद पडेल त्या दिवशी तुमचं ठणठणीत असलेलं विंडोजही चालू होणार नाही, आणि मग जो भेटेल तो फॉरमॅट मारा, म्हणजे सगळं पुसून विंडोज परत टाका, म्हणून सांगेल.

मी भांडुपला घरूनच डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, संस्थांचे अहवाल, आणि श्रावणापासून दिवाळी अंकांची पानं. मशीन २०१८ मध्ये असेंबल केलेलं, आठव्या जनरेशनचा आय फाइव्ह, एक टीबीची हार्डडिस्क. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि दिवाळी अंकांच्या फायली तोपर्यंत प्रेसला गेल्या होत्या, म्हणून म्हटलं आता एकदाचं ११ टाकून घेऊ. आठवी जनरेशन चालते, ११ ला लागणाऱ्या टीपीएम या सुरक्षेच्या सोयीसाठी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारी मशीनची मूळ सेटिंग्ज) पीटीटी नावाचा ऑप्शन होता तो चालू केला की झालं. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले, लॅमिंग्टन रोडवरून ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी आणली. (ती बोर्डवर बसवायचा इवलासा स्क्रू असतो तो सोबत मिळतोच असं नाही, दुकानातच मागून घ्या, नाहीतर त्या एका स्क्रूसाठी परत भडकमकर मार्ग.)

विंडोज टाकायला ओळखीतला एक टेक्निशियन घरी आला. पोरगा हुशार, हात भराभर चालतो. हार्डडिस्कची केबल काढू का विचारलं तर म्हणाला, “काही होत नाही ताई, डेटा आहे ना त्यात, राहू दे.” सेटअपमध्ये डिस्क त्याने बरोबर एसएसडीच निवडली, मी बाजूलाच उभी होते. विंडोज टाकलं, जुनं विंडोजचं पार्टिशन फॉरमॅट करून मला डेटाला मोकळं करून दिलं, चहा घेतला, गेला. मशीन एकदम सुसाट. फक्त चालू करताना दर वेळी एक निळी स्क्रीन यायची, त्यावर विंडोज ११ आणि विंडोज १० अशी दोन नावं, ११ वर एंटर मारलं की चालू. त्याला फोन केला तर म्हणे दुर्लक्ष करा. केलं. पण खरं सांगायचं तर सगळं दुखणं त्या निळ्या स्क्रीनवरच लिहिलेलं होतं, एसएसडी कोरी करकरीत असताना तिच्यावर विंडोज १० चं नाव येईलच कुठून?

तुळशीचं लग्न झालं आणि पत्रिकांच्या ऑर्डरी सुरू झाल्या, आणि नेमकी त्याच वेळी हार्डडिस्क टक टक करायला लागली. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून बघितलं तर पिवळ्या रंगात ‘कॉशन’, रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे खराब झालेले तुकडे, वाढलेले. पिवळं दिसलं की वाट बघायची नसते, त्यामुळे आधी सगळा डेटा बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवला, मग मशीन बंद करून, प्लग काढून, हार्डडिस्कच्या दोन्ही केबली सोडवल्या आणि चालू केलं. तर थेट बायोस. विंडोजचा पत्ता नाही. स्टोरेजच्या यादीत एसएसडीचं नाव दिसतंय म्हणजे ती जिवंत आहे, पण बूटची यादी रिकामी.

टेक्निशियनला फोन केला, तो म्हणाला फॉरमॅट मारावं लागेल, मशीन घेऊन या. दिराला फोन केला, तो आयटीत आहे, तो म्हणाला, “वहिनी, कशाला डोकं लावतेस, सरळ नवीन टाक, अर्ध्या तासाचं काम.” अर्ध्या तासात विंडोज येतं रे बाबा, माझं दुकान येत नाही. श्रीलिपी आणि कोरल ही कामाची सॉफ्टवेअरं, प्रिंटरची रंगांची सेटिंग्ज, आणि मुख्य म्हणजे जुन्या युनिकोड नसलेल्या फॉन्टांचा ढीग. पाच वर्षांपूर्वीचं गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं मोठ्या मुलीची पत्रिका होती तशीच धाकटीची करा फक्त नावं बदला, तेव्हा नेमका तोच फॉन्ट नसेल तर पूर्ण फाइलमध्ये अगम्य अक्षरं दिसतात. हे सगळं ऐन लग्नसराईत परत बसवायचं म्हणजे दोन-तीन दिवस गेले. म्हणून म्हटलं आधी समजून घेऊ झालंय काय, मग ठरवू.

झालं होतं ते असं. आजकालची यूईएफआय (बायोसचा नवा अवतार) मशीन्स चालू होताना थेट विंडोजच्या फोल्डरकडे जात नाहीत. ती आधी फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केलेलं ते ईएफआय पार्टिशन शोधतात, त्यात विंडोज बूट मॅनेजरची फाइल असते आणि बीसीडी नावाची एक यादी असते, त्या यादीत लिहिलेलं असतं की विंडोज कुठल्या डिस्कच्या कुठल्या पार्टिशनवर आहे. मग पुढची गाडी सुटते. आता विंडोजच्या सेटअपची पद्धत अशी की मशीनमध्ये दुसऱ्या डिस्कवर असं पार्टिशन आधीच असेल तर ते नवीन बनवत नाही, असलेलंच वापरतं. तुम्ही डिस्क कुठली निवडली याने त्यात फरक पडत नाही. माझ्या हार्डडिस्कवर विंडोज १० च्या वेळचं ईएफआय पार्टिशन होतंच, आणि त्याला ड्राइव्हचं अक्षर नसतं त्यामुळे धिस पीसीमध्ये ते दिसत नाही, म्हणून जुनं विंडोज फॉरमॅट करताना ते तसंच राहिलं. थोडक्यात राहायला टॉवरमध्ये गेलो आणि दाराची चावी अजून जुन्या चाळीतल्या शेजाऱ्यांकडे.

एवढं कळल्यावर उपाय उघड आहे, एसएसडीवर नवीन ईएफआय पार्टिशन करायचं आणि बूटच्या फायली तिथे नव्याने बनवायच्या. जुन्यातून कॉपी करायच्यासुद्धा नाहीत. विंडोजच्या फोल्डरमध्ये त्यांचा मूळ साठा असतोच आणि बीसीडीबूट (bcdboot) नावाची कमांड तिथून सगळं उभं करते.

हार्डडिस्क अजून पूर्ण मेली नव्हती म्हणून मशीन बंद करून तिच्या केबली परत लावल्या आणि नेहमीसारखं विंडोज चालू करून घेतलं, चालत्या विंडोजमधून हे करणं सगळ्यात सोपं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम, तिथे ३०० टाकलं. विंडोज स्वतः १०० एमबीचं करतं पण पुढेमागे अपडेटच्या वेळी त्यात जागा कमी पडल्याची रडगाणी मी वाचली होती, आणि ५०० जीबीमधले २०० एमबी जास्त गेले तर काय फरक पडतो. सीच्या मागे काळ्या पट्टीत मोकळी जागा दिसायला लागली. ती डिस्कच्या सुरुवातीलाच हवी असं काही नाही, बायोस पार्टिशनचा प्रकार बघतं, जागा नाही.

मग कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडला आणि डिस्कपार्ट टाइप केलं. इथून पुढे हात आवरता घ्या. डिस्कपार्ट ‘खरंच करू का’ असं विचारत बसत नाही, आणि त्यात क्लीन म्हणून एक कमांड आहे ती चुकीच्या डिस्कवर मारलीत तर पार्टिशनं एका सेकंदात गायब. लिस्ट डिस्क केलं. माझ्याकडे हार्डडिस्क डिस्क ० होती आणि एसएसडी डिस्क १, तुमच्याकडे उलट असू शकतं, म्हणून नंबरावर जाऊ नका, साइज बघा. सिलेक्ट डिस्क १. मग लिस्ट पार्टिशन, तर एसएसडीवर १६ एमबीचं रिझर्व्ह्ड, मग मोठं प्रायमरी म्हणजे आपलं विंडोज, मग रिकव्हरी, आणि ‘सिस्टम’ प्रकारचं एकही नाही. म्हणजे निदान बरोबर.

मग ओळीने चार कमांड. क्रिएट पार्टिशन ईएफआय. फॉरमॅट क्विक, त्यालाच जोडून एफएस बरोबर (=) फॅट ३२. असाइन, लेटर बरोबर (=) एस. एक्झिट. साइज दिली नाही तर ते मोकळी जागा सगळी घेतं, आपल्याला तेच हवंय. फॉरमॅट मारायच्या आधी परत एकदा लिस्ट पार्टिशन करून बघा की चांदणीचं (*) चिन्ह नवीन पार्टिशनसमोरच आहे ना, कारण ते ज्याच्यासमोर असेल त्याचंच फॉरमॅट होणार. मी बघितलं, आणि नवऱ्यालाही बोलावून दाखवलं, त्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही पण दुसरे डोळे असलेले बरे.

आता मुख्य कमांड. बीसीडीबूट, मग स्पेस देऊन विंडोजच्या फोल्डरचा पत्ता म्हणजे सी कोलन बॅकस्लॅश विंडोज, मग स्लॅश एस आणि एस कोलन, म्हणजे फायली कुठे टाकायच्या, मग स्लॅश एफ आणि यूईएफआय. एंटर. दोन सेकंदांत खाली ओळ आली की बूट फायली यशस्वीपणे तयार झाल्या. मी त्या काळ्या खिडकीकडे जरा वेळ बघतच राहिले, म्हटलं एवढंच? एवढ्यासाठी मशीन उचलून न्यायचं होतं?

मशीन बंद, प्लग काढला, हार्डडिस्क परत सोडवली, चालू केलं, बायोसमध्ये जाऊन बघितलं तर बूटच्या यादीत एसएसडी आलेली. तिला पहिला नंबर दिला, सेव्ह करून बाहेर पडले, आणि विंडोज आलं. निळी स्क्रीनसुद्धा गेली, कारण नवीन यादीत विंडोज १० चं नावच नाही. फॉन्ट जागेवर, कोरल जागेवर, त्याच संध्याकाळी एका पत्रिकेचं प्रूफ पाठवलं.

एक शेपूट राहतं ते लोक विसरतात. बूटची यादी नव्याने बनली की रिकव्हरीची जोडणी कधीकधी तुटते, म्हणजे विंडोज अडलं तर जी दुरुस्तीची स्क्रीन यायला हवी ती येत नाही. त्यासाठी त्याच अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये रिएजंटसी (reagentc) स्लॅश डिसेबल आणि मग रिएजंटसी स्लॅश एनेबल करून घ्या, आणि शेवटी स्लॅश इन्फो टाकून स्टेटस एनेबल्ड दिसतंय ना बघा.

ज्यांची हार्डडिस्क आधीच मेलीय, म्हणजे विंडोजमध्ये जायलाच मिळत नाही, त्यांनी दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चा पेनड्राइव्ह बनवून आणा, किमान ८ जीबीचा लागतो. त्यावरून बूट करा आणि सेटअपची पहिली स्क्रीन आली की शिफ्ट आणि एफ १० एकदम दाबा, कमांड प्रॉम्प्ट उघडतो. इन्स्टॉलचं बटण दाबायचं नाही. बाकी सगळं तसंच, फक्त तिथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, तुमचा सी तिथे डी दिसेल, म्हणून लिस्ट व्हॉल्यूम करून साइजवरून ओळखा आणि जे अक्षर दिसेल तेच बीसीडीबूटच्या पत्त्यात घाला. श्रिंकही तिथे डिस्कपार्टमधूनच करावं लागेल. आणि बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय, चालू असेल, नव्या मशीनवर बऱ्याचदा आपोआप चालू झालेलं असतं, तर आधी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून कागदावर लिहून ठेवा आणि बिटलॉकर सस्पेंड करा, बूटच्या फायली बदलल्या की ते ४८ आकडी की मागू शकतं आणि तेव्हा ती शोधायला तुमच्याकडे कॉम्प्युटर चालू नसतो.

नवीन इन्स्टॉल करणाऱ्यांनी मात्र या भानगडीत पडूच नका. ज्या डिस्कवर विंडोज टाकायचं ती एकटी ठेवा, बाकीच्यांच्या केबली काढा, कॅबिनेट उघडायची भीती वाटत असेल तर बऱ्याच बोर्डांच्या बायोसमध्ये हार्डडिस्क जोडलेलं साटाचं पोर्ट बंद करता येतं. आलेला माणूस काही होत नाही म्हणाला तरी काढायला लावा, घर तुमचं, मशीन तुमचं.

दिराला हे सगळं सांगितलं तर त्याने लगेच स्वतःचं डिस्क मॅनेजमेंट उघडून स्क्रीनशॉट पाठवला. त्याचंही ईएफआय जुन्या डिस्कवर. आता म्हणतोय, “वहिनी, रविवारी येतेस का?” म्हटलं येते, पण आधी बॅकअप घेऊन ठेव, मी आल्यावर ‘थांब जरा कॉपी चालू आहे’ चालणार नाही.