हॅरीहाऊसेनच का?

"आता सगळं कॉम्प्युटरवर होतं, मग मुलांना इतके जुने सिनेमे कशाला दाखवता?" सदाशिव पेठेत मी सुट्टीत मुलांना स्टॉप-मोशन शिकवते, म्हणजे बाहुली किंचित हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची, आणि ते फोटो भराभर दाखवले की ती चालू लागते. त्यांना सोडायला आलेले आई-बाबा हमखास हेच विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

हे जुने सिनेमे म्हणजे अशाच बाहुल्या पडद्यावर जिवंत करणाऱ्या रे हॅरीहाऊसेन यांचे. त्यांनी १९३३ मध्ये लॉस एंजेलिसला 'किंग काँग' पाहिला. वय १२-१३. त्यातल्या काँग या महाकाय वानराला हालचाल देणाऱ्या विलिस ओब्रायन यांच्या हाताखालीच पुढे त्यांनी 'माइटी जो यंग' (१९४९) केला. नंतर मात्र बहुतेक काम एकट्याने. बाहुल्यांचे धातूचे सांधे वडील लेथवर करून देत, वर रबराची कातडी. आमच्या मुलांना शाडूची सवय, पण शाडू वाळली की हात वळवताना तडकते. म्हणून आम्ही आत तार घालून प्लॅस्टिसिन, म्हणजे न वाळणारी माती वापरतो.

'जेसन अँड द आर्गोनॉट्स' (१९६३) मधली सात सांगाड्यांची लढाई मी आवर्जून दाखवते. प्रत्येकाचं डोकं, दोन हात, दोन पाय, म्हणजे एका फ्रेमसाठी, एकेका फोटोसाठी, ३५ गोष्टी हलवायच्या, त्याही आधीच चित्रित झालेल्या नटांच्या तलवारींशी जुळवून! एका सेकंदाला २४ फ्रेम. काही दिवशी जेमतेम १३ व्हायच्या. त्या काही मिनिटांना साडेचार महिने लागले.

पण चिकाटी शिकवायला मी हे दाखवत नाही. त्याच सिनेमात टेलॉस नावाचा ब्राँझचा अवाढव्य पुतळा आहे. एरवी हालचाल सफाईदार व्हावी म्हणून धडपडणाऱ्या हॅरीहाऊसेननी त्याला मुद्दाम अवघडलेलं ठेवलं, कारण तो धातूचा. टाचेतून त्याचा जीवनरस वाहून जातो, तेव्हा तो गुदमरल्यासारखा गळ्याशी हात नेतो. आतापर्यंत त्याला घाबरणारी मुलं तिथे "अरेरे" म्हणतात. हा अभिनय आहे, आणि तो बाहुलीचा हात तसूतसूने वर नेणाऱ्या माणसाने केलाय. हे पाहिल्यावर मग आमच्या मुलांनी केलेला हत्ती नुसता चालत नाही. पाऊल टाकण्याआधी थबकतो, कारण त्याला पाण्याची भीती वाटते हे मुलांनी ठरवलेलं असतं.

सॉफ्टवेअर मुलं पुढे शिकतीलच, शिकावंच. त्याचे क्लास पुण्यात भरपूर आहेत. येत्या शनिवारी टेलॉस लावणार आहे. मुलांना सोडून लगेच निघू नका, तुम्हीही बसा.