भिंतीतली पाच वर्षं

परवा सिव्हिल इंजिनीअरिंगच्या फायनल इयरची एक विद्यार्थिनी केबिनमध्ये आली. एमटेकच्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेचा स्कोअर चांगला आहे, पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीचं बोलावणंही आलंय. "मॅडम, स्ट्रक्चर्समध्येच एमटेक, मग पीएचडी करू का?" तिला उभ्या उभ्या उत्तर देणं जमलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी सात वर्षांची होते. आमचं गाव उमरगा तालुक्यात. विसर्जनाहून उशिरा आलो आणि अंगणातच आडवे झालो, म्हणून वाचलो. पहाटे चारला माळवद, म्हणजे घराचं मातीचं सपाट छप्पर, खाली आलं. आजी कितीतरी वर्षं म्हणायची, "दोन हात जाड भिंत, ती कशी पडली गं?"

आजीचा हा प्रश्न मला एमटेकच्या सॉलिड मेकॅनिक्सच्या तासाला पुन्हा भेटला. ती भिंत मुळात एक नव्हतीच. बाहेरचा एक थर, आतला एक थर, मध्ये दगडगोटे आणि माती. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड नसला की हादऱ्यात ते सुटे होतात, भिंतीला पोट सुटतं आणि डोक्यावरचं मातीचं टनावारी ओझं खाली बसतं. जाडीनं ताकद वाढली नव्हती, वजन वाढलं होतं. १९८४ च्या भूकंप नकाशात किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होती. २००२ मध्ये हा भाग तिसऱ्यात आला.

पीएचडीत मी तशाच ४५० मिमी जाडीच्या भिंती बांधून घेतल्या. काही आरपार दगडाच्या, काही त्याशिवाय. आयएस कोड, म्हणजे बांधकामाचं भारतीय मानक, सांगतो की उंचीत दर ६०० मिमीला आणि आडव्या अंतरात जास्तीत जास्त १.२ मीटरवर असा दगड हवा. आमचे गवंडीमामा म्हणाले, "ताई, एवढा लांब दगड घडवायला अर्धा दिवस जातो. मालक थांबतो व्हय?" दगड नसेल तर सळईचा एस आकाराचा आकडा चालतो, हेही कोडात आहे, पण मामांना ते कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी मी लॅबमधून बाहेर पडले ती थीसिसमध्ये गवंड्यांसाठी एक प्रकरण घालायचं ठरवूनच. मला आजही तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

बाकी वाट खडतर होती. माती वाळेपर्यंत थांबायचं. मग अ‍ॅक्चुएटर नावाच्या यंत्रानं भिंत मागेपुढे ढकलायची, प्रत्येक फेरीनंतर तडे मार्करनं रंगवायचे. एकदा अ‍ॅक्चुएटर बंद पडला आणि सात महिने गेले. पाचव्या वर्षी फेलोशिप संपली, थीसिस संपला नव्हता. पदवी हातात आल्यावर दोन वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं. सुट्टीच्या महिन्यांत पगार शून्य. बरोबरीचे मित्र तोवर ईटॅब्स या सॉफ्टवेअरवर वीस-वीस मजले डिझाइन करत होते, घरंही घेऊन झाली होती. त्या काळात मी रडलेय.

तरीही मी तिला कर म्हणेन. भिंत का पडली, याच प्रश्नाला पाच वर्षं देण्याची मुभा कन्सल्टन्सीत मिळत नाही. तिथे शुक्रवारी ड्रॉइंग जायचं असतं.

फक्त गाइड निवडण्याआधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन कर. आणि लॅबमध्ये जाऊन तिथल्या टेक्निशियनला विचार, मशीनवर शेवटची टेस्ट कधी झाली.