गच्चीची किल्ली

लिफ्टमध्ये नोटीस लागलीय. 'गच्चीवर पापड, कुरडया, बिबडे वाळत घालू नयेत. वॉटरप्रूफिंग खराब होते. आदेशावरून.' आदेश कोणाचा, ते लिहिलेलं नाही. दुपारी भाजीची पिशवी सांभाळत वर येताना ती वाचली, आणि उन्हाळा लागला हे तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

आमची बिल्डिंग जळगावला, पिंप्राळ्याच्या पुढे, शिवारात. पत्ता सांगताना 'कपाशी संपली की डावीकडे' असं सांगावं लागतं. कपाशी निघाली की पंचाईत. नावात 'हाइट्स' आहे, मजले सहा. रिक्षावाले परतीचं भाडं मिळत नाही म्हणून जास्तीचे मागतात, आणि त्यांचंही खोटं नाही. राहणारे सगळे तक्रार करतात. नळाला पाणी रोज नाही, लाइट जाते, पार्किंगमध्ये चिखल. पण फ्लॅट विकून परत गावात गेलंय असं कोणी माझ्या माहितीत तरी नाही. समोरच्या काकू रावेरकडच्या. नवरा केळीच्या बागेत, त्या इथं मुलांच्या क्लाससाठी. काका आले की घड घेऊन येतात आणि मग मजल्यावरच्या प्रत्येक दाराला केळी. खालचे नाना भुसावळहून रेल्वेतून रिटायर झाले. क्वार्टर गळायचं, हे गळत नाही, एवढ्यावर ते खूश. तरी बिल्डरला पत्र लिहायची त्यांना भारी हौस. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषांना बिल्डर बांधलेला असतो, हे रेराचं, म्हणजे घर घेणाऱ्यांसाठीच्या कायद्याचं, कलम त्यांना पाठ आहे.

माझी तक्रार वेगळीच. हे नकाशे ज्यानं काढले तो मे महिन्यात जळगावात राहिलेला नसावा. पारा ४५ कडे सरकतो त्या गावात पश्चिमेला भिंतभर काच! आणि कूलर ठेवायला जागा नाही. जळगावात घर बांधायचं आणि कूलरचा विचार करायचा नाही, याला काय म्हणावं? खिडकीबाहेर लोखंडी स्टँड ठोकला तर म्हणे एलिव्हेशन बिघडतं. मग कूलर हॉलमध्येच. दुपारभर घरातलीच दमट हवा घरात फिरवतो, मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. एसी लावा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. बिल भरतो म्हणणारा अजून भेटलेला नाही.

पण त्या दुपारी मला कूलर सुचत नव्हता. बिबडे सुचत होते.

आमचं घर चोपडा तालुक्यात, धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. गल्लीतली सगळी धाबी एकमेकांना चिकटलेली, या टोकाला चढलेलं पोर खाली न उतरता त्या टोकाला मामाकडे जेवून यायचं. बिबड्यांच्या दिवशी माय पहाटे अंधारातच चूल पेटवायची. भिजवून, वाळवून दळलेल्या ज्वारीचा घाटा मोठ्या पातेल्यात रटरटायचा. त्यात लसूण, मिरची, तीळ. चाटू फिरवायला दोघी लागायच्या. आम्हाला वाटीत गरम घाटा मिळायचा, वरून कच्चं तेल. तो खाताना जीभ भाजली नाही तर ते बिबडे झालेच नाहीत. मग गल्लीतल्या बाया एकेक करून शिडीनं वर. बाबांचं जुनं धोतर ओलं करून अंथरायचं, हात पाण्यात बुडवायचा, गोळा टाकायचा आणि चार बोटांनी गोल फिरवत पसरवायचा. माझे बिबडे कायम एका बाजूला जाड. मायनं ते कधी मोडले नाहीत, फक्त कडेला टाकायला लावायची, पाहुण्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून. उन्हं चढली की बाया खाली आणि कावळे हाकायला मी, डोक्यावर ओला टॉवेल आणि हातात तुरकाठी. राखणीची मजुरी म्हणजे अर्धे ओले बिबडे. वाळलेल्याला ती चव नाही, तळलेल्याला तर नाहीच. दुसऱ्या दिवशी धोतर उलटं करायचं, पाणी शिंपडायचं, सोलत जायचं.

म्हणून मला धाब्याचं घर परत हवंय का? अजिबात नको. पावसाळ्याआधी दरवर्षी वर खारी माती टाका, तरी गळणार ते गळणारच. मग घरभर घमेली. एकदा वरून विंचू थेट आजीच्या गोधडीवर पडला होता. इथं विंचू पडत नाही, संडास घरात आहे, दार लावलं की बाहेरचं जग बाहेर. मला फ्लॅट आवडतो. फक्त वर जायचं तर चेअरमनच्या घरून किल्ली आणायची, वहीत सही करायची आणि 'काम काय?' याला उत्तर द्यायचं. आकाशाखाली बसायचं आहे, हे काम वहीत कसं लिहिणार? आमच्या फ्लॅटला जे 'टेरेस' म्हणून विकलं, तिथं दोन खुर्च्या ठेवल्या की तिसरा माणूस उभा.

मीटिंगमध्ये विषय निघालाच. काकू एरवी मीटिंगला तोंड उघडत नाहीत, त्या दिवशी थेट अहिराणीवर आल्या. "आते बिबडा कोठे घालू? मन्हा डोकावर?" सगळे हसले, चेअरमनही. नानांनी घसा साफ करून २०१६ चा तो रेरा कायदा काढला. गच्ची सामायिक जागेत मोडते, ती जितकी तुमची तितकीच काकूंची. चेअरमन म्हणाले, "सामायिक आहे म्हणूनच कुलूप." यावर नानांनाही लगेच काही सुचलं नाही. वरच्या मजल्यावरच्या भाऊंचं म्हणणं होतं की पाट्यांचा दणदणाट त्यांच्या डोक्यावर होतो आणि स्लॅबला ओल आली तर ती त्यांच्याच छताला. तेही खरंच. मी मध्येच म्हणाले, पापड घालू द्या, कुरडयांचं बघू. असल्या तडजोडी मला पटकन सुचतात.

काकू सामान भरून रावेरला गेल्या, तिथल्या गच्चीला कुलूप नाही. मी बचत गटाच्या बायांकडून बिबडे आणले. बरे आहेत, लसूण जरा कमी. सगळे एकसारखे गोल. ठराव मात्र फेटाळला गेलेला नाही, पुढच्या मीटिंगवर ढकललाय. पुढची मीटिंग जुलैत आहे.