गाडी लवकर गेली, भात कच्चा राहिला

परवा दुपारी जेवायला बसलो तर भात कच्चा. उकडा तांदूळ जरा कमी शिजला की कसा लागतो ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. आईला म्हटलं, तर ती म्हणे, "मी काय करू, गाडीच आज लवकर गेली." तेव्हा कॅलेंडर बघितलं. १५ जून उलटून गेलेला, म्हणजे कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं होतं.

आमचं घर गोव्यात, थिवी आणि पेडण्याच्या मधे, काजूच्या बागेमागून रूळ जातात. स्वयंपाकघरात भिंतीवर घड्याळ आहे पण ते शोभेला. मासेवाली हाक मारून गेली की भाताचा टोप चढवायचा आणि मुंबईला जाणारी गाडी गेली की उतरवायचा, ही आईची पद्धत. ऑक्टोबर ते जून सगळं सुरळीत, मग एक दिवस ती गाडी पाऊण तास आधीच शिट्टी मारत निघून जाते आणि आमच्या घरात दोन-तीन दिवस कुणाचंच काही जागेवर राहत नाही. २०२५ साली ते १५ जून ते २० ऑक्टोबर ठरलं, त्याआधी १० जूनलाच लागायचं आणि ऑक्टोबर संपेपर्यंत चालायचं.

लहानपणी मला वाटायचं की पावसात गाड्या हळू जातात तर प्रत्येकीला अर्धा तास वाढवून दिला की झालं, त्यात एवढं काय. बाबांनी एकदा शेताच्या मेरेवर, म्हणजे बांधावर, उभं करून समजावलं. मेर एकच, समोरून डोक्यावर भारा घेतलेली बाई येतेय, मग एकाने जरा रुंद जागा बघून बाजूला व्हायचं. रोजचा वेग ठरलेला असला की कुठे भेट होणार ते ठरलेलं. पण मेर निसरडी झाली, सगळे सांभाळून चालायला लागले, की भेटायची जागाच बदलते, आणि तिथे नेमकी बाजूला व्हायला जागा नसते, मग एकाला मागेच थांबावं लागतं आणि त्याच्यामागून येणाऱ्यालाही. रोहा ते वीर सोडलं तर बाकी जवळजवळ सगळी कोकण रेल्वे अशीच एका मेरेवरची, एकेरी मार्गाची आहे; पूर्ण मार्ग सातशे चाळीसेक किलोमीटर. सगळ्या गाड्यांची क्रॉसिंगं, म्हणजे कुणी कुठे बाजूला थांबून समोरचीला वाट द्यायची ते, नव्याने बसवायची म्हणजे स्वेटरचा एक टाका चुकला म्हणून अख्खा स्वेटर उसवून परत विणायचा. तोही दर वर्षी दोनदा!

जोराचा पाऊस लागून पुढचं दिसेनासं झालं की चाळीसच्या वर जायचं नाही असा ड्रायव्हरला हुकूम असतो. मुंबई-मडगाव वंदे भारत २०२३ च्या जूनमधे मोठ्या थाटात सुरू झाली, तर सुरुवातच पावसाळी वेळेने, एरवी पावणेआठ तासांत जाणारी गाडी दहा तास घेणार, आणि आठवड्यातून सहा दिवसांऐवजी तीनच दिवस. आमच्याकडे पावसापुढे सगळे सारखेच.

बाबांची गाडी चुकली ती गोष्ट सांगायलाच हवी. मी पाचवीत होतो. ठाण्याला मामाच्या मुलीचं बारसं, तिकीट तीन-चार महिने आधी काढलेलं, त्यावरची वेळ बाबांना तोंडपाठ. पावसाळी वेळ लागली हे डोक्यातच नाही. आम्ही रिक्षातून उतरतोय, मांडीवर हा एवढा कापा फणस, आणि प्लॅटफॉर्मवर एक कुत्रा सोडून कुणी नाही. हमाल म्हणाला, "गेली मरे तुमची गाडी, कधीच." दोष कुणाला देणार, स्वतःच बघायला हवं होतं. फणस घेऊन परत आलो, दुसऱ्या दिवशी तो इतका पिकला की घरभर घमघमाट आणि आजी हाताला तेल लावून पाटावर बसली, गरे काढता काढता हसत होती. म्हणाली, "आमच्या वेळी पावसात आगबोट बंदच असायची. मुंबईवाला माणूस पाऊस संपला की यायचा. तुम्ही पाऊण तासासाठी रडता."

तेव्हापासून बाबा दीड तास आधी स्टेशनवर जाऊन बसतात. मोबाईलवर गाडी कुठे आहे ते दिसतं, तरी. मीही तसाच झालोय, फक्त कबूल करत नाही.

मे महिन्यात घरोघरी पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, चालू असतो तेव्हा रेल्वेचाही चालू असतो. सुकी मासळी, मिरच्या, सोलं, कांद्याच्या माळा आपण भरतो, ते लोक गटारं उपसतात, डोंगर कापलेल्या कटिंगवरचे सुटे दगड पाडून घेतात. तरी डोंगर तो डोंगर. २०२४ च्या जुलैत पेडण्याच्या बोगद्यात पाणी आणि चिखल आला तेव्हा गाड्या बंद पडल्या, काही भलतीकडून वळवल्या, आणि आई दिवसभर घड्याळ बघत स्वयंपाक करत होती, वैतागून. त्याच्या कितीतरी आधी, २००३ च्या जूनमधे वैभववाडीजवळ आणि २००४ च्या जूनमधे करंजाडीजवळ दरडीचे दगड रुळावर आले होते आणि माणसं गेली होती. ते आठवलं की बाबा उशिरा आलेल्या गाडीबद्दल बोलत नाहीत, नुसते पान लावत बसतात.

काल रात्री पाऊस असा काही लागला की पडवीतलं बोलणं ऐकू येईना. दोनच्या सुमाराला उठलो तर काजूच्या पलीकडे रुळावरून बॅटरीचा उजेड हळूहळू सरकत होता, थांबत होता, पुन्हा सरकत होता. गस्तीवाला. आमचा कुत्रा पाव विकणाऱ्या पोदेरावर भुंकतो, पोस्टमनवर भुंकतो, ह्याच्यावर कधी भुंकत नाही. डोकं वर करून उजेड दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला आणि परत गोणपाटावर झोपला.