राहणं मित्रांबरोबर, कर्ज घरच्यांबरोबर

पुण्यात वाकड, हिंजवडी, खराडी अशा भागांत टू-बीएचकेचं भाडं आता कुटुंबाच्या एका पगारावर ठरत नाही. चौघांनी दहा-दहा हजार काढले की चाळीस हजार झाले. तेवढं देणारं कुटुंब सहज मिळत नाही आणि मग ‘फक्त फॅमिली’ म्हणणारा मालकही गुपचूप बॅचलर्सना चावी देतो. सोसायटीची परवानगी लागते हाही एक गैरसमजच. सोसायट्यांसाठीच्या आदर्श उपविधींनुसार (म्हणजे नमुना नियमांनुसार) सभासदाने सोसायटीला कळवणं पुरेसं आहे, आणि बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही.

खरी गडबड करारात होते. राहणारे चौघं, पण लिव्ह अँड लायसन्स म्हणजे भाडेकरारावर नाव एकाचंच. बाकीच्या तिघांकडे पत्त्याचा पुरावा नाही, एचआरएच्या (घरभाडे भत्त्याच्या) करसवलतीसाठी कागद नाही, आणि नाव असलेला मित्र बंगळुरूला बदलून गेला की डिपॉझिट त्याच्याच खात्यात परत जातं. सगळ्यांची नावं घालायला खर्च वाढत नाही. 30 हजार भाडं, एक लाख डिपॉझिट, 11 महिने असा करार असेल तर एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के धरून त्याच्या 0.25 टक्के, म्हणजे साधारण साडेआठशे रुपये मुद्रांक शुल्क आणि शहरात हजार रुपये नोंदणी. फक्त नोंदणीसाठी अंगठ्याचा ठसा द्यायला चौघांना वेळ काढावा लागतो, म्हणून एजंट टाळाटाळ करतो. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी नको’ हेही ऐकू नका. महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने नोंदणी सक्तीची आहे आणि ती जबाबदारी मालकाची.

आता स्वतःचं घर. लोक ईएमआयचा हिशोब करत बसतात, पण अडतं ते सुरुवातीच्या रोख रकमेवर. 70 लाखांचा रीसेल फ्लॅट धरा. बँक जास्तीत जास्त 80 टक्के देईल, म्हणजे 14 लाख आपले. पुणे शहरात 7 टक्के मुद्रांक, 4.9 लाख. नोंदणी 30 हजार. झाले 19.2 लाख, आणि दलाली, फर्निचर वेगळंच. महिन्याला 25 हजार बाजूला टाकले तरी सहा वर्षांवर जातं. शेअरिंगमध्ये राहून ही रक्कम साठते खरी, पण तोवर भाव थांबून राहत नाहीत.

म्हणून मग आई-वडील येतात. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवा: सहकर्जदार आणि सहमालक. वडील 57 वर्षांचे असतील आणि पात्रता वाढवायला त्यांचा पगार धरला, तर मुदत त्यांच्या निवृत्तीच्या वयाने आखडते आणि हप्ता फुगतो. सहमालक केलं आणि मृत्युपत्र केलं नाही, तर हिंदू वारसा कायद्याने त्यांच्या वाट्यावर आई आणि सगळ्या भावंडांचा हक्क येतो. पैसे लावले म्हणून नाव घालायचं, हा हट्ट घरोघरी असतो. बक्षीसपत्राने किंवा उसनवारीच्या कागदाने पैसे घेतले तरी चालतं. आणि एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात 1 टक्का सूट, वरच्या हिशोबात 70 हजार. बरोबर भावाचं वा नवऱ्याचं नाव आलं की ती गेली.

लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांना किंवा दोन मैत्रिणींना एकत्र घर घ्यायला कायद्याची आडकाठी नाही, पण बहुतेक बँका सहकर्जदार म्हणून नवरा-बायको किंवा जवळचं रक्ताचं नातंच मागतात. कर्ज एकाच्या नावावर काढून दुसऱ्याने हप्त्याचे पैसे दरमहा जीपे करायचे, हा उपाय सर्रास चालतो आणि तो वाईट आहे: हप्ता भरणाऱ्याकडे ना मालकी, ना करसवलत. कर्ज न काढता किंवा दोघांनाही कर्ज देणाऱ्या बँकेकडून घेत असाल तर खरेदीखतातच 60:40 असे वाटे लिहा. नाही लिहिले तर कोणी किती भरलं ते पुढे बँक स्टेटमेंटवरून सिद्ध करत बसावं लागतं. एकजण बाहेर पडला तर भाव कसा ठरवायचा आणि दुसऱ्याला किती मुदत द्यायची, याचा वेगळा करारही तेव्हाच करून घ्या. त्याचा हिस्सा विकत घेताना त्या हिश्श्यावर पुन्हा मुद्रांक भरावा लागतो, तोही कोण भरणार ते त्यातच लिहा.