ओढा मोजायचा तो पाऊस थांबल्यावर

पुरात ओढा किती चढला, हे सगळे सांगतात. पाणलोटात किती पाणी मुरलंय, ते मात्र ओढा किती भराभर उतरतो त्यावरून कळतं. शेवटच्या मोठ्या पावसानंतर चार-पाच दिवस जाऊ द्यावेत, म्हणजे वरवरचं पाणी निघून जातं. मग दर आठवड्याला, एकाच जागी मोजणी.

जागेतच बहुतेकांचं चुकतं. वाळू-गोट्यांच्या पात्रात बरंच पाणी तळाखालून सरकत असतं. वर कोरडं दिसलं म्हणजे ओढा आटला असं नव्हे. कातळ आडवा येतो तिथे हे पाणी वर येतं. मोजायचं तिथे.

प्रवाह मोठा असेल तर 6 मीटरचा सरळ टप्पा घ्या, दर 20 सेंमीवर खोली मोजा, अर्धी भरलेली छोटी बाटली चार-पाचदा सोडून टप्पा पार करायला लागणारा वेळ मोजा. रुंदी 1.2 मीटर, सरासरी खोली 15 सेंमी आणि वेळ 12 सेकंद आली, तर हिशेब सेकंदाला 90 लिटर होतो. हा आकडा वहीत उतरवू नका! पृष्ठभागाचं पाणी तळच्यापेक्षा वेगात पळतं. उथळ, दगडाळ ओढ्याला साधारण 0.65 ने गुणा (गुळगुळीत पात्राला 0.85), म्हणजे 58 लिटर.

पाणी कमी झालं की 90 अंशाच्या खाचेचा पत्रा, अर्थात व्ही-नॉच, आडवा बसवावा. कडा चिखलाने बुजवा. धार पलीकडे मोकळी पडली पाहिजे. खाचेच्या खालच्या टोकापासून पाण्याची उंची 10 सेंमी असेल तर सेकंदाला 4.4 लिटर, 11 असेल तर 5.5. एका सेंटीमीटरची चूक पाव हिस्सा खाते. खाचेवरच पट्टी धरली तर उंची कमी भरते, कारण तिथे पाणी खाली झुकतं. उंचीच्या चौपट अंतर मागे, प्रवाहाच्या वरच्या अंगाला सरकून मोजा. त्याहून बारीक धारेला बादली आणि घड्याळ पुरे.

वेळही ठरलेली हवी. झाडी दिवसा पाणी ओढते, म्हणून कोरड्या दिवसांत दुपारनंतर ओढा खालावतो; बर्फ वितळून वाहणाऱ्या ओढ्याचं उलट, तो तेव्हाच फुगतो.

आता आकडे वाचा. 40 लिटरचे 15 दिवसांत 20 झाले, तर त्याच चालीने पुढच्या 15 दिवसांत 10 होतील. उतार मंदावला तर खोलवरचे झरे ओढ्याला धरून आहेत. टाकी, पाइप ठरवायचे ते या सर्वांत खालच्या आकड्यावर. मधेच सर येऊन गेली तर नोंद खोडू नका, शेजारी पाऊस लिहा.