तुम्ही विचारलंत म्हणून: शुगर आहे की नाही?

"मग शेवटी काय, शुगर आहे की नाही?" सांगलीत विश्रामबागच्या भाजीवालीपासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांनी मला हे विचारून झालंय. "नाही" म्हटलं की पुढ्यात पेढा येतो, "आहे" म्हटलं की कारल्याचा रस कसा काढायचा ते ऐकावं लागतं. "काठावर आहे" म्हटलं तर लोकांना वाटतं, बाई काहीतरी लपवतेय. जन्मभर पोरांना गणित शिकवलं मी. हो की नाही ते सांगता येत नाही, हे तुमच्यापेक्षा मलाच जास्त टोचतं.

सासरच्या गावी, सावळजला, त्या सकाळी घडलेली हकीकत एव्हाना साऱ्या भावकीत फिरलीय, ज्यानं त्यानं आपापली भर घालून. आता माझी ऐका.

बेदाण्याचा हंगाम होता. शेडवरून घरापुरता माल आणला होता आणि मी नि धाकटी जाऊ सोप्यात निवडत बसलो होतो. सहाला चहा-बटर झालेलं. धाकट्या दिरांना शुगर जुनी, ते रोज सकाळी मशीन घेऊन बसतात. स्वतःची बघून झाल्यावर म्हणाले, "वहिनी, या इकडं, तुमची बी बघू." मी बोट पुढं केलं. पट्टीनं थेंब ओढला आणि काही सेकंदांत पडद्यावर २८४.

कुणी काहीच बोललं नाही. मग सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. शुगरनं मामंजींचा आधी अंगठा गेला, मग पाऊल, ते सगळं सासूबाईंनीच केलंय, त्यामुळे त्यांना मी काय बोलणार? जाऊ फडताळातून दिरांच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन आली. "ताई, अर्धी घ्या. काय हुत न्हाई. ह्यांची रोजचीच हाय." मी म्हटलं, नको. ती पाण्याचा तांब्या घेऊन उभीच. दीर म्हणाले, "घ्या की, तीनशेला टेकलीया." पुन्हा नको म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, "माझ्यासाठी तरी घे." मी गोळी जाऊच्या तळहातावर परत ठेवली आणि उठून मागच्या दारी गेले. आतून दिरांचा आवाज आला, "शिकल्याली माणसं अशीच."

"का नाही घेतलीत?" हाही प्रश्न येतोच. लोकांना मी सांगते की त्या गोळीत ग्लिमेपिराइड होतं. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं, आणि मुळात साखर फार चढलेली नसेल तर ती खाली घसरून माणूस चक्कर येऊन पडू शकतो. हे सगळं खरं आहे. पण तेव्हा मला यातलं काहीही माहीत नव्हतं. पाकिटावरचं नाव लेकीनं नंतर फोनवर वाचायला लावलं. त्या वेळी एवढंच वाटलं की सगळ्यांदेखत ही गोळी गिळली तर मामंजींच्या मागं माझा नंबर लागला.

लेक मिरजेत नर्स आहे. फोनवर तिनं आधी विचारलं, तहान फार लागते का, रात्री लघवीला उठतेस का, वजन उतरलंय का, उलटी, धाप, गुंगी? यातलं काही असतं तर तिनं तसंच गाडीत घालून दवाखान्यात आणायला लावलं असतं. मग म्हणाली, "हात धुतले होतेस?" बेदाण्यानं बोटं चिकट झालेली. साबणानं धुऊन, कोरडे करून, दुसऱ्या बोटाचं रक्त घेतलं. १६३.

घरात दिवाळीच झाली. "बेदाण्यानं केलं बघा!" दीर हसले, सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली. मीही हसले. तेव्हाची मी अजूनही माझ्याशी भांडते: झालं ना, हात खराब होते, विषय संपला. पण १६३ धुतलेल्या हाताचे होते, बाई. उपाशीपोटी नव्हते हे कबूल, पण चहा-बटरावर तेवढे गप्प बसण्यासारखेही नव्हते.

नंतर मी हिशेब मांडला. पट्टीला लागणारा थेंब साधारण अर्धा मायक्रोलिटर. त्यात १२१ नं आकडा फुगवायला साखर लागते एका मायक्रोग्रॅमहून कमी. बेदाण्याच्या चिकट बोटावर तेवढी सहज असते. शिवाय मशीनच्या मानकातच शंभराच्या वर १५ टक्के इकडंतिकडं चालतं. खरी १४० असली आणि मशीननं ११९ किंवा १६१ दाखवली, तरी मशीन पास! माझ्या वर्गात असं कुणी सोडवलं असतं तर शून्य दिला असता.

म्हणून प्रयोगशाळेत शिरेतून रक्त दिलं. उपाशीपोटी ११७. शंभराच्या आत हवी, १२६ पासून मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी सांगणारा एचबीएवनसी मात्र ६.६, आणि तिथं ६.५ पासूनच मधुमेह. म्हणजे एक रिपोर्ट नाही म्हणतो, दुसरा हो. सांगलीतल्या डॉक्टरांनी तिसऱ्याच ओळीवर बोट ठेवलं, हिमोग्लोबिन ९.४. लोह कमी असलं की हा एचबीएवनसी फुकट वर दिसू शकतो. त्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी पुन्हा बघितलं, १७६. दोनशेच्या खाली, एकशेचाळीसच्या वर. लोहाच्या गोळ्यांनंतर एचबीएवनसी ६.२ वर आला. नाव प्रीडायबेटीस, म्हणजे मधुमेहाच्या काठावर. २०२३ मध्ये छापून आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत देशात मधुमेही दहा कोटींवर आणि असे काठावरचे तेरा कोटींवर निघाले. एवढी माणसं असताना "काठावर" म्हटल्यावर लोक माझ्याकडंच का बघत राहतात?

चालायला जाते आमराईत. भात कमी केलाय. वजनाबद्दल विचारू नका.

जाऊ तेव्हापासून माझ्याशी जपून बोलते. जीव लावून दिलेली गोळी मी चारचौघांत परत केली, ते तिला लागलं. तिला विचारलंत तर ती सांगेल, ताईंना शुगर आहे, कबूल करत नाहीत. पुढच्या तपासणीत आकडा ६.५ च्या पुढं गेला तर मी स्वतः फोन करून तिला सांगेन. गोळी परत केली ते मात्र बरोबरच केलं.